हिरवं बटण आणि बाबुरावांचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनं हिरवं बटण आहे. माझ्या अंगावर 'मला मान्य आहे' असं लिहिलेलं आहे. नेमकं काय मान्य आहे, ते माझ्या वर बारीक अक्षरांत असतं. तिकडे सहसा कोणी फिरकत नाही.

माझा जन्म बाणेरच्या एका कचेरीत झाला. 'शेजारओटा' नावाच्या अ‍ॅपसाठी समर्थ नावाच्या तरुणाने मला घडवलं. मला त्याने चांगलं ऐसपैस केलं. माझ्या धाकट्या भावाला, म्हणजे 'मान्य नाही'ला, इतका फिकट राखाडी रंग दिला की तो शेजारी आहे हे मलाही अंदाजानेच कळायचं. पुढे लोकांनी मला सिग्नलला दाबलं, लग्नाच्या पंगतीत दाबलं, संडासात दाबलं. मला न वाचता दाबतात म्हणून कंपनीने माझा वाढदिवस साजरा केला. केक समर्थने खाल्ला.

यंदा कंपनीने नियम बदलले. अ‍ॅपवर बोलून पाठवलेले निरोप, म्हणजे लोकांचे आवाज, यापुढे कंपनीचे, ती ते जाहिरातींत वापरणार. रविवारपर्यंत मला दाबलं नाही, तर खातं आणि आवाज दोन्ही पुसले जाणार. तोवर जुनं ऐकता येईल, पण नवीन एक ओळ लिहायची तरी आधी मला दाबा.

लोक खवळले. कसबा पेठेतल्या श्रीनिवासरावांनी जळजळीत निषेध लिहिला, की आम्ही हे कदापि मान्य करणार नाही. तो पाठवायला त्यांनी मला दाबलं. त्याखाली 'अगदी योग्य' लिहायला अख्ख्या आळीने मला दाबलं. एका शेजाऱ्याने त्यांना घरी जाऊन ही विसंगती दाखवली.

"अहो, निषेध नोंदवायचा तर तो कुठेतरी नोंदवायला नको का?" श्रीनिवासराव म्हणाले.

शेजाऱ्याला ते पटलं. पटल्याचं त्याने अ‍ॅपवर कळवलं. कंपनीत पेढे वाटले गेले, कारण अ‍ॅपवर इतकी वर्दळ कधीच नव्हती. मला वाकायला कणा नाही मित्रांनो, पण असलेल्यांचे वाकताना मी पाहिले आहेत.

येरवड्यातली दीपमाला मात्र मला दाबत नव्हती. तिचे वडील बाबुराव गेल्या वर्षी वारले. रात्रपाळीवरून निघताना ते घरच्या गटात आवाज पाठवायचे, "जयभीम. उठलात का? पाणी भरून ठेवा, जाईल." त्यांचा आवाज तेवढाच उरला होता, आणि तो अ‍ॅपमधून बाहेर काढायची सोय कंपनीने आधीच बंद केली होती.

रविवारी सकाळी तिचा अंगठा माझ्यावर येऊन थांबला. मग तिने माझ्या वरचं सगळं वाचलं. शेवटपर्यंत, मोठ्याने, तांदूळ निवडणाऱ्या आईला ऐकू जाईल असं.

आई, म्हणजे मथुराबाई, म्हणाल्या, "म्हणजे उद्या ह्यांच्या आवाजात कोणी गिझर विकणार?"

"गिझर, चिवडा, काहीही."

"जिवंतपणी ते कुणाच्या दारात काही विकायला उभे राहिले नाहीत. आता नको उभं करू."

"मग पुसलं जाईल ना गं, आई."

"माझा फोन काय शोभेला आहे?"

दोघींनी दोन फोन उपड्या परातीवर समोरासमोर ठेवले. एक बोलू लागला, दुसरा टिपू लागला. मध्येच कुकरने शिट्टी दिली. "उठलात का?" आलं, तेव्हा मथुराबाईंच्या तोंडून सवयीने उत्तर निघालं, "उठलोय. पाणी पण भरलंय. या तुम्ही."

दीपमालाने ते पुन्हा टिपलं नाही. तसंच राहू दिलं. मग तिने फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं, आणि अ‍ॅपबरोबर मला.

माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही मित्रांनो. बाकीच्या फोनांवर मी धडधाकट आहे, श्रीनिवासरावांच्या फोनवर तर विशेष. फक्त आपल्या माणसाचा आवाज माझ्या भरवशावर ठेवू नका. मी बटण आहे. मला सगळंच मान्य असतं.