श्रेया जोशी बोलतेय

ती निळी बॅग यशोधरानं अजून विकत घेतली नव्हती. मंचरच्या गोरख सरांनी ती आठवडाभर वापरून बघायला दिली होती. पटलं तर ठेवून घ्यायची, नाही पटलं तर जशीच्या तशी परत.

बॅगेवर 'व्हर्च्युअल असिस्टंट स्टार्टर किट' असं छापलं होतं. आत सीडी, फोनला जोडायचा हेडफोन, पत्रांच्या नमुन्यांचं पुस्तक आणि फोनवर कसं बोलायचं याची कार्डं. हे २००६ साल होतं. महाळुंगे पडवळमध्ये असं काही कुणी पाहिलं नव्हतं. यशोधरा बी.कॉम. झाली होती, कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, टायपिंगची परीक्षा दिली होती, आणि तरी वर्षभर घरी बसून होती. घोडेगावच्या एसटी स्टँडवर तिनं 'घरबसल्या ऑफिसचं काम' अशी जाहिरात वाचली आणि ती मंचरला गेली.

गोरख सर बागाईतदारांच्या घरातले. पुण्याला कॉल सेंटरमध्ये काही वर्षं काढून परत आलेले. मेडिकलच्या दुकानावर त्यांनी ऑफिस टाकलं होतं. बोलणं गोड, शर्ट कडक इस्त्रीचा.

"फोनवर नाव काय सांगणार?" त्यांनी विचारलं.

"यशोधरा रणपिसे."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "नाव चांगलंय हो. पण फोनवर जरा मोठं पडतं. आमच्या कॉल सेंटरला एक गणपत होता, त्याचा गॅरी झाला. सगळेच बदलतात, त्यात काय नाय. आणि आडनाव... आपलं गिऱ्हाईक पुण्याचं. पहिल्या दोन वाक्यांत त्यांचा विश्वास बसला पायजे. श्रेया जोशी कसं वाटतं?"

त्यांनी एकही वाईट शब्द उच्चारला नव्हता. तरी यशोधराला सगळं कळलं, आणि तिला कळलंय हे त्यांनाही कळलं. दोघांनी क्षणभर खिडकीबाहेर बघितलं.

"चालेल," ती म्हणाली.

आपण किती पटकन 'चालेल' म्हणालो, हे तिला पुढं फार दिवस आठवत राहिलं.

घरी आल्यावर तिनं बॅग उघडून दाखवली. तिचे वडील भागुजी गवंडी होते. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. त्यांनी हेडफोन उलटासुलटा करून पाहिला.

"व्हर्च्युअल मंजी काय गं?"

"म्हंजी आपण तिथं नसतो आबा, पण असल्यासारखं काम करतो."

"आसं व्हय. आमच्या कामावर मालक आसाच आसतो. तिथं नसतो, पन आसल्यासारखा वरडतो."

तिची आई बायडाबाई टोमॅटो तोडून नुकतीच आली होती. ती पदर तोंडाला लावून हसली. भागुजी म्हणाले, "वापरून बघायचं काय त्यात? घेऊन टाकू. तू शिकली कशापायी मग?"

"नको आबा. आधी बघते."

नाव बदलल्याचं तिनं सांगितलं नाही. कसं सांगणार? भागुजींच्या वडिलांनी छप्पन्न साली धम्माची दीक्षा घेतली होती. मुलगी झाली तेव्हा भागुजी मुद्दाम जुन्नरच्या विहारात गेले, तिथल्या भन्तेंशी बोलले आणि नाव ठरवूनच परतले. बायडाबाईच्या जिभेवर ते बसेना, 'येसोदा' व्हायचं. मग रोज संध्याकाळी पाळण्याशी बसून त्यांनी बायकोकडून ते घोटून घेतलं होतं. ही हकिकत घरात पाहुणा आला की सांगितली जायची आणि आई दर वेळी लाजायची.

कोथरूडच्या एक आहारतज्ज्ञ होत्या, डॉक्टर आगाशे. गोरख सरांनी त्यांचं काम दिलं. रोज सकाळी त्यांच्या पेशंटना फोन करून वेळेची आठवण द्यायची, कुणाला जमत नसेल तर वेळ बदलून द्यायची, आणि दुपारी घोडेगावच्या सायबर कॅफेत जाऊन त्यांची पत्रं टाइप करून पाठवायची. फोनचा खर्च डॉक्टर देणार होत्या.

पहिल्या सकाळी यशोधरानं पुढच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "नमस्कार, डॉक्टर आगाशेंच्या दवाखान्यातून श्रेया जोशी बोलतेय."

पलीकडचा माणूस म्हणाला, "हां, बोला जोशी मॅडम."

एवढंच. ना कुणी मध्ये थांबलं, ना कुणी 'कोण?' असं पुन्हा विचारलं. तिसऱ्या-चौथ्या फोनला तिचा आवाज मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी ती आरशासमोरून जाताना उगाच ताठ चालली. एवढी वर्षं कॉलेजात, बँकेत, कचेरीत नाव सांगितल्यावर समोरच्या चेहऱ्यावर बारीकसं काहीतरी हलायचं. ते बघायची तिला इतकी सवय होती, की ते नसणं म्हणजे काय हे तिला माहीतच नव्हतं. आता ते नव्हतं. आणि तिला ते आवडलं. फार आवडलं.

डॉक्टर आगाशे रोज संध्याकाळी फोन करायच्या. वयानं मोठ्या, बोलायला मोकळ्या. एकदा म्हणाल्या, "किती स्वच्छ बोलता हो तुम्ही. मूळच्या कुठल्या?"

"पुण्याचेच आम्ही," यशोधरा म्हणाली.

"वाटलंच मला. मग तिकडे आडगावात कशा?"

"इथं आमची शेती आहे ना. बघावी लागते."

"एकट्या बघता सगळं?"

"नाही नाही. माणसं आहेत कामाला."

फोन ठेवल्यावर तिचे कान तापले. पण तोंडावर हसू होतं, आणि ते जाईना.

त्या आठवड्यात भागुजींना बाहेर काम नव्हतं, म्हणून ते घराच्या मागच्या पडवीला गिलावा करत होते. पडवी आणि पुढची खोली यांच्यामध्ये एका विटेची भिंत. यशोधरा बोलायला लागली की मागून थापीचा आवाज बंद व्हायचा आणि तिचं बोलणं संपलं की पुन्हा सुरू व्हायचा. ती समजायची, आपल्याला त्रास नको म्हणून आबा थांबतात. ते खरंही होतं.

बॅग परत करायचा किंवा ठेवून घ्यायचा दिवस जवळ आला. तिचं मनोमन ठरलं होतं, ठेवायची. त्या दुपारी ती घोडेगावला गेली, पण सायबर कॅफेत वीज नव्हती. ती लवकर परत आली. अंगणात चप्पल काढत होती तेवढ्यात घरात फोन वाजला. फोन खरं तर भागुजींच्या कामासाठीच घेतलेला होता, त्यामुळं त्यांनी हात पुसत पुढं येऊन तो उचलला.

"भागुजी र—" ते म्हणाले आणि थांबले.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"व्हय व्हय, जोशींचंच घर हाय," भागुजी म्हणाले. "ताई भायेर गेल्यात... मी? मी हितं कामाला हाय बाई... व्हय, सांगतो. न्हाई इसरनार. बराबर सांगतो."

यशोधरा दाराच्या बाहेर उभी होती. तिच्या एका हातात चप्पल तशीच राहिली होती. तिचा बाप तिच्याच घरात, भिंतीला लावलेल्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, फोन दोन्ही हातांनी धरून वाकून उभा होता. बोलताना तो वाकला होता. फोनवर कुणाला दिसत नसतं, तरी वाकला होता.

भागुजींनी फोन ठेवला, ते वळले, आणि त्यांना ती दिसली.

"आलीस? डॉक्टरबाईंचा फोन व्हता," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. "उद्या दुपारच्या समद्या पेशंटच्या येळा परवावर ढकलायच्या. सकाळच्या तशाच ऱ्हाऊ द्यायच्या. लगोलग कर म्हनल्या." आणि ते मागं पडवीत गेले. थापीचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

तिनं फोन केले. सगळे केले. प्रत्येक वेळी ते नाव उच्चारताना तिला भिंतीपलीकडचं माणूस जाणवत होतं, खरं तर तिकडून काहीच ऐकू येत नव्हतं.

रात्री जेवणं झाल्यावर भागुजींनी पैशांचं एक पाकीट तिच्यापुढं ठेवलं. "उद्या ना किटचं? देऊन टाक त्यास्नी. काम चांगलंय. तुला जमतंय."

बायडाबाई भांडी घासायला बाहेर गेली होती. यशोधरा मान खाली घालून म्हणाली, "आबा, तुम्ही असं का बोलला?"

"मग काय बोलू? तू जोडलेलं मी मोडू?"

"पण तुम्ही... कामाला हाय म्हणाला."

"आयुष्यभर कामालाच गेलो की लोकाच्यात. त्यात काय खोटं."

भागुजींनी पाकिटावरची सुरकुती बोटानं सरळ केली. मग टोमणा नाही, राग नाही, खरंच माहीत करून घ्यायचंय अशा आवाजात त्यांनी विचारलं, "यशो, मी ठिवलेलं नाव लई जड झालं का गं तुला?"

तिला 'नाही' म्हणायचं होतं. ते म्हणता येईना, कारण ते पूर्ण खरं नव्हतं. ती उठून बाहेर आईजवळ गेली आणि राखेचा हात भांड्यांवर फिरवत बसली. आईनं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काय न्हाई."

सकाळी दार उघडं ठेवूनच तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"मॅडम, माझं नाव श्रेया जोशी नाही. यशोधरा रणपिसे आहे."

"म्हणजे?"

"गोरख सरांनी नाव बदलायला सांगितलं. मी हो म्हटलं. आम्ही पुण्याचे नाही. इथलेच आहोत. कामाला माणसं वगैरे कुणी नाहीत."

"मग काल फोनवर बोलला तो माणूस कोण?"

"माझे वडील."

"अगं..." डॉक्टर म्हणाल्या. "मी त्यांना 'अरे, नीट सांगशील ना, विसरशील' असं बोलले."

यशोधराला हे माहीत नव्हतं. भागुजींनी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांचा आवाज बदलला. त्यात राग होता आणि आणखी काहीतरी होतं. "मी तुम्हाला जात कधी विचारली होती? सांगा ना. विचारली होती?"

"नाही मॅडम."

"मग मला कशाला त्यात ओढलंत? मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता."

हे बोलणं चूक होतं असं यशोधराला म्हणता आलं नाही. बरोबर होतं असंही नाही. त्यांनी 'वाटलंच मला' म्हटलं होतं, ते तिला आठवत होतं. पण ते ऐकून आपण खूश झालो होतो हेही आठवत होतं. ती म्हणाली, "चुकलं माझं."

"मला जरा विचार करू दे," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांचा फोन पुन्हा आला नाही. पेशंटची कामं गोरख सरांमार्फत दुसऱ्या कुणाकडं गेली.

दुपारच्या गाडीनं ती बॅग घेऊन मंचरला गेली. गोरख सरांना सगळं आधीच कळलं होतं. ते चिडले नाहीत. उलट खुर्ची पुढं ओढून दिली.

"कशाला सांगितलं राव? चाललं होतं ना चांगलं. बरं, जाऊ द्या. दुसरं गिऱ्हाईक देतो. तुमच्याच नावानं करा, माझं काय म्हणणं नाय. मी आपलं धंद्याच्या हिशेबानं बोललो व्हतो."

आता नाही म्हणण्याचं कारण उरलं नव्हतं. काम येत होतं, नाव स्वतःचं लावता येणार होतं, पाकीट पर्समध्ये होतं. यशोधरा निळ्या बॅगेकडं बघत बसली. आपण स्वाभिमानानं ती परत करतोय असं गोरख सरांना वाटेल, हे तिला दिसत होतं. तसं नव्हतं. तो हेडफोन कानाला लावला की तिच्या तोंडात आधी दुसरंच नाव येणार होतं. ते गिळून स्वतःचं उच्चारायला लागणार होतं, आणि दर फोनला ते मोकळं, हलकं वाटणं आठवणार होतं. आपल्याला ते आवडलं होतं, ही गोष्ट ती कुणाला सांगू शकत नव्हती.

"नको सर," ती म्हणाली आणि बॅग टेबलावर ठेवून जिना उतरली.

पाकीट तिनं घरी भागुजींच्या हातात दिलं. त्यांनी ते न उघडता कपाटात ठेवलं. पुढं उन्हाळ्यात घोडेगावला तहसील कचेरीजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात तिला टायपिंगचं काम लागलं. दाखले, अर्ज, प्रतिज्ञापत्रं. लोक नाव विचारायचे, ती सांगायची. कुणाच्या चेहऱ्यावर काही हलायचं, कुणाच्या नाही.

घरात मात्र एक फरक पडला. भागुजींनी फोन उचलणं सोडलं. वाजला की अंगणातून हाक मारतात, "यशो, फोन!" ती म्हणते, "घ्या ना आबा, तुमचाच असेल." ते म्हणतात, "तू घे. तुला बोलाया येतं." आणि फोन त्यांचाच असतो, कुणाला ओटा बांधायचा असतो, कुणाची भिंत गळत असते. मग ती हात पुसत येते, फोन उचलते आणि म्हणते, "भागुजी रणपिशांकडून यशोधरा बोलतेय."

ते बाहेर विटांवर बसलेले असतात, मान खाली घालून. तिला पाठमोरेच दिसतात. ते फक्त कामाचा निरोप ऐकायला थांबलेत, असं तिला वाटत नाही. आज आपली लेक कोणतं नाव सांगते तेही ते ऐकतायत, असं वाटतं. विचारायचं धाडस तिला अजून झालेलं नाही.