दोन खोल्यांमधली काच

मी काच बोलतेय. धड आरसा नाही आणि धड खिडकीही नाही. उजेडाच्या खोलीत बसून माझ्याकडे पाहिलंत तर तुम्हाला तुमचाच चेहरा दिसेल, विस्कटलेल्या केसांसकट. पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बसलात तर मी नसल्यासारखीच, आरपार. एका बाजूच्या माणसाला वाटतं इथे कुणी नाही, आणि दुसऱ्या बाजूला दहा जण बसलेले असतात.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेली वाळू सपाट पसरली, निवाली आणि मग माझ्या एका अंगावर धातूचा पातळसा थर चढवला. एका कापडाच्या दुकानदाराने मला मागवलं होतं. त्याला आतल्या खोलीत बसून गिऱ्हाइकांवर आणि त्याहूनही जास्त नोकरांवर नजर ठेवायची होती. पण मी तिथे पोचले आणि मापापेक्षा रुंद निघाले. मग बरीच वर्षं एका गोदामात भिंतीकडे तोंड करून उभी होते. शिक्षा झालेल्या मुलासारखी.

तिथून मला आणलं ते शिक्षकांना शिकवणाऱ्या महाविद्यालयात. इथे शाळांमधले शिक्षक पदवीनंतरचा अभ्यास करायला येतात. विषय एकच, मुलांना वाचायला कसं शिकवावं. तुम्ही म्हणाल, शिक्षकांना हे येत नाही का? मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच दिवशी मॅडमनी, म्हणजे इथल्या प्राध्यापिकाबाईंनी, सगळ्यांना विचारलं की तुमच्या वर्गातलं एखादं मूल वाचायला लागलं, ते नेमकं कसं, सांगा. वीस-वीस वर्षं खडू झिजवलेली माणसं, पण वहीची कोरी पानं चाळायला लागली.

शेवटी एक हेडसर म्हणाले, "आम्ही फळ्यावर लिहितो, पोरं शिकतात. मधलं काय होतं ते देवालाच ठाऊक."

"ते मधलं शिकायलाच आलात तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

त्या शिकण्याची इथली रीत मोठी कठोर आहे. प्रत्येकाने पाळीपाळीने उजेडाच्या खोलीत एका मुलाला शिकवायचं आणि बाकीच्यांनी माझ्यामागे बसून पाहायचं. नुसतं पाहायचं नाही, दिसेल ते मोठ्याने बोलायचं. मूल कुठे अडलं, शिक्षकाने घाई केली का, मदत कुठे जास्त झाली. उजेडातला आवाज एका डब्यातून अंधाऱ्या खोलीत येतो, तिथला मात्र उजेडात जात नाही. याला सगळे 'काचेपुढे बसणं' म्हणतात. ज्यांच्या नुसत्या भुवईने शाळा गप्प होते त्या हेडसरांच्या हातून माझ्यापुढे अक्षरांच्या चकत्या निसटून जमिनीवर पसरल्या आणि शिकायला आलेल्या मुलानेच त्या गोळा करून दिल्या.

त्या वर्षीच्या तुकडीत थोरल्या बाई होत्या. वयाने सगळ्यांत मोठ्या, म्हणून ते नाव. पहिलीचा वर्ग सांभाळता सांभाळता त्यांचे केस पांढरे झाले होते. या वयात कशाला हा खटाटोप, असं एकदा एका तरुण शिक्षिकेने विचारलं. बाई पिशवी आवरत म्हणाल्या, "संध्याकाळी घरी वाट बघणारं आता कुणी नाही. म्हटलं, शिकावं."

त्यांच्या वाट्याला आली ठकी. दोन घट्ट वेण्या आणि जिभेवर तिखट. हे नाव तिला आत्याने ठेवलेलं. आत्याच तिला वाढवत होती आणि एका शिवणाच्या दुकानात काम करत होती. ठकी दुसरीत होती, पण तिला वाचता येत नव्हतं. शाळेने आत्याला स्पष्ट सांगितलं होतं की या सत्राअखेर वाचली नाही तर तिला टोकाच्या खोलीत बसवू. टोकाची खोली म्हणजे ज्यांच्याकडून कुणी काही अपेक्षा ठेवत नाही अशा मुलांची. आणि ती वाचते असा निर्वाळा मॅडमनी दिला, तर ती आपल्या वर्गात परत जाणार, पण इथली मदत बंद. सत्राच्या शेवटच्या तासाला दोन्ही गोष्टी ठरायच्या होत्या. बाई उत्तीर्ण होतात का, आणि ठकी वाचते का.

सुरुवातीला ठकी प्रत्येक शब्दाला अडायची. मग हळूहळू वाचू लागली. अवघड शब्द आला की थांबायची, मान वर करून माझ्यात बघायची आणि मग बरोबर सांगायची. माझ्यामागे मॅडम खुशीत सगळ्यांना दाखवायच्या, "पाहिलंत? ती थांबते, विचार करते, मग वाचते. उत्तर आयतं मागत नाही."

मला धडकी भरायची. कारण ती माझ्यात काय बघते, ते मला दिसत होतं.

पहिलीच्या शिक्षकांना एक सवय असते. मूल वाचताना त्यांचे ओठ आपोआप हलतात, आवाज न करता. वर्षानुवर्षं त्या शब्दांना ढकलत आलेले ते ओठ, थांबतील कसे? बाईंचे ओठ हलायचे. त्या ठकीच्या शेजारी बसत, म्हणून तिला तसे ते दिसले नसते. पण समोर मी होते. ठकी माझ्यात बाईंचं तोंड बघायची, एक नजर चित्रावर टाकायची आणि शब्द सांगायची. पुस्तकातल्या अक्षरांना तिची नजर जेमतेम शिवायची.

आणि पलीकडच्या कुणाच्या हे लक्षात का आलं नाही? कारण अंधारात बसलेल्या त्या सगळ्यांचेही ओठ हलत होते. मॅडमचेसुद्धा.

चुका टिपायचे तक्ते होते, तेही प्रामाणिक होते. ठकी प, ब, म यांत घोटाळते, असं त्यांत दिसायचं. घोटाळणारच, ही सगळी अक्षरं ओठ मिटूनच म्हणतात, लांबून सारखीच दिसतात. क आणि ग तिला येत नाहीत, असंही दिसायचं. ती अक्षरं घशात बनतात, ओठांवर त्यांचा पत्ताच नसतो. बाई बिचाऱ्या रात्रंदिवस विचार करून क आणि गच्या चकत्यांचे नवेनवे खेळ रचत होत्या.

ठकी फसवत होती असं समजू नका. तिला वाचन म्हणजे हेच वाटत होतं. कुणीतरी शब्द तोंडात धरून बसतं आणि आपण तो ओळखायचा.

शेवटच्या तासाच्या आधीच्या आठवड्यात बाईंनी आत्याला दारातच सांगितलं की पोरगी वाचायला लागली. आत्याने त्यांचे दोन्ही हात धरले. दुसऱ्या दिवशी सगळ्या दुकानाला ही बातमी कळलेली होती, असं ठकीच पुढच्या तासाला सांगत होती.

मग तो तास आला. पलीकडे सगळे दाटीवाटीने बसले होते. बाईंना सर्दी झाली होती. त्यांनी नवं पुस्तक उघडलं आणि शिंक येईल म्हणून रुमाल तोंडाशी धरला.

ठकीने पहिली ओळ गाडी हाकावी तशी सुरू केली. दुसऱ्या शब्दाला थांबली, वर पाहिलं. माझ्यात बाईंच्या नाकापासून हनुवटीपर्यंत पांढरा रुमाल होता. ठकी थांबूनच राहिली. तिची नजर रुमालावरून हलेना.

बाईंनी नाक पुसून रुमाल खाली घेतला. ठकीने लगेच शब्द सांगितला. पुढच्या ओळीला बाई खोकल्या, रुमाल वर गेला. ठकी पुन्हा गप्प.

आता बाईंनी मान वर केली. माझ्यात त्यांची आणि ठकीची नजरानजर झाली नाही, कारण ठकी त्यांच्या डोळ्यांकडे बघतच नव्हती. त्यांनी रुमाल अगदी सावकाश खाली केला. शब्द आला. सावकाश वर नेला. शब्द अडला. तिसऱ्यांदा करून पाहायची गरज उरली नाही.

पलीकडे हेडसर हळूच म्हणाले, "शांतपणे घेतायत बाई. छान." कुणाला काही कळलं नव्हतं. पुस्तकाची दोनच पानं उरली होती. रुमाल मांडीवर ठेवून बसलं की झालं. पदवी हातात, पोर वर्गात, आत्या खूश.

बाईंनी रुमाल टेबलावर ठेवला. मला वाटलं, संपलं.

मग त्या उठल्या. आधी ठकीची खुर्ची फिरवली, मग स्वतःची. दोघींच्या पाठी माझ्याकडे झाल्या. अंधारात एकच गलका उठला. काचेपुढच्या तासाला चेहरा लपवायचा नाही, हा इथला पहिला नियम. मॅडम अर्ध्या उभ्या राहिल्या.

बाईंनी मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, ही वाचत नाहीये. माझं तोंड वाचतेय. इतके दिवस."

हळूहळू मॅडमचा हात स्वतःच्या ओठांवर गेला.

ठकी रडवेली झाली होती. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. तिने विचारलं, "बाई, मग आता कुठे बघू?"

"इथे," बाई म्हणाल्या. पुस्तकावर बोट टेकल्याचा आवाज झाला.

मला फक्त दोन पाठी आणि दोन वेण्या दिसत होत्या. कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. माझ्यामागे अंधारात बसलेल्यांतल्या कुणाचेही ओठ हलत नव्हते.

"मांजरीने दार ढग..." ठकी म्हणाली. बाई बोलल्या नाहीत. त्यांचे खांदे ताणलेले होते, जणू कुणी त्यांना मागून धरलं आहे.

"ढग नाही. मांजर ढग कशाला करेल? ढ... क... ढकल... ढकललं."

तेवढा एकच शब्द. तास संपला तेव्हा पान पुरं झालं नव्हतं.

अंधारात हेडसर कुजबुजले, "पण मॅडम, मी तर 'उत्तम' असा शेरा लिहून बसलोय."

"मीपण," मॅडम म्हणाल्या. "खोडा."

बाईंनी दार उघडलं. बाहेर आत्या उभी होती, दुकानातून थेट आलेली, खांद्यावर मापाची पट्टी तशीच. झालं का म्हणून तिने विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं, काही न लपवता.

आत्याचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला. "वाचते म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणाले होते. वाचत नव्हती ती."

"मग आता? टोकाची खोली?"

"आता शिकवते," बाई म्हणाल्या. "मी अजून एक सत्र इथेच आहे. मीही नापास झालेय."

आत्या ठकीची सुटलेली वेणी हातात घेऊन तिथेच, दारात, पुन्हा घालू लागली. शेवटचा पेड घातल्यावर म्हणाली, "सोमवारी आणते."

शाळेने एक सत्र वाढवून दिलं, तेही मॅडम स्वतः तिथे जाऊन बसल्या तेव्हा.

ते सत्र आता चालू आहे. नापास शिक्षिका आणि न वाचणारी मुलगी दोघी सोमवारी येतात. उजेडाच्या खोलीतलं टेबल आता समोरच्या भिंतीला लावलेलं आहे, माझ्यात कुणाचं तोंड दिसणार नाही असं. मला दिसतात त्या मुलांच्या माना आणि शिक्षकांची पाठ. माझ्या कोपऱ्यात धूळ साचली आहे. पुसणारा माणूस खिडकीची बाजू तेवढी पुसतो, आरशाची राहून जाते. माझी तक्रार नाही.

तुमच्या घरी किंवा वर्गात एखादं मूल शब्दापाशी अडलं, तर एवढंच करा. ते कुठे बघतंय ते आधी बघा. आणि मग गप्प बसा. बोलणाऱ्यांना ते फार अवघड जातं, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

ठकी हल्ली पुष्कळ चुका करते. सावकाश, बोट ठेवून, मोठमोठ्याने. तिची मान वर होत नाही. परवा एक ओळ तिने तीन वेळा चुकवली आणि चौथ्यांदा बाईंनाच दटावलं, "थांबा, सांगू नका."

बाई थांबल्या होत्याच.