राळेगावचे सात जम्बो

धर्मपाल नगराळेच्या दारात बैल कधी बांधला गेला नाही, पण नावं त्यानं सात बैलांची ठेवली होती. सर्जा, पवळ्या, ढवळ्या, बाशिंग्या, लाख्या, मोऱ्या आणि चांद्या. हे सातही शारजाला राहत, हवेत उडत आणि एकेकाच्या पोटात शंभर टन माल मावे. राळेगावच्या बसस्टँडसमोर नानाजीची चहाची टपरी होती. त्या टपरीवर बसून ही सात नावं ज्यानं ऐकली नाहीत, तो माणूस एकतर परगावचा, नाहीतर बहिरा.

धर्मपालची उमर गेली जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या भरण्यात. गाडी भरण्यात एवढं काय, असं ज्याला वाटतं त्यानं ती कधी भरलेली नसते. ओझं मागं जास्त झालं की गाडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढं जास्त झालं की धुरजड होते, सगळा भार बैलाच्या खांद्यावर येतो. धर्मपाल गाडी भरून झाली की जुवाखाली दोन बोटं घालायचा. दोन बोटांवर जू उचललं गेलं आणि सोडल्यावर अलगद खाली आलं, की म्हणायचा, "जुंप." त्यानं भरलेल्या गाडीचा बैल कधी खरचटला नाही. पण बैल दुसऱ्याचे, गाडी दुसऱ्याची, कापूस दुसऱ्याचा. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली अख्ख्या गावाच्या जोड्या सजून उभ्या राहत आणि धर्मपाल रिकाम्या हातांनी बाजूला उभा राही. हे त्याला फार लागायचं.

त्याचा मुलगा धम्मरत्न, घरचा रत्ना, १९८४ साली शारजाला 'मरजान कार्गो' नावाच्या कंपनीत हमाल म्हणून लागला. पहिला फोन आला तेव्हा धर्मपाल पोस्टातल्या फोनशी उभा राहून ओरडला होता, "इमान कसं हाये? रंग कोणता? खोड काय?" रत्नानं सांगितलं की कंपनीकडं एकच जम्बो आहे, पूर्वी माणसं वाहायचा, आता खिडक्या पत्र्यानं बुजवून माल वाहतो, आणि त्याचं एक इंजिन रोज सकाळी सुरू व्हायला कुरकुर करतं.

"मंग तो सर्जा," धर्मपाल म्हणाला. तिथून सुरुवात झाली.

दुसरा आला पवळ्या. त्याचं नाक वरच्या बाजूला उघडायचं आणि घशातून माल सरळ आत जायचा. ढवळ्या शर्यतीचे घोडे घेऊन विलायतेला जाई. बाशिंग्या आणि लाख्या एकाच दिवशी विकत घेतलेली जोडी, आणि भुजच्या भूकंपाला तंबू घेऊन आला तो लाख्या. मोऱ्या तापट होता, दर पावसाळ्यात आजारी पडायचा, शेवटी दुसऱ्या कंपनीला दिला. सगळ्यात शेवटी चांद्या. सातही जुनेच, कोणाचे ना कोणाचे वापरलेले, पण मरजाननं त्यांच्या जोरावर अर्ध्या जगात माल पोचवला, आणि कोणत्या जम्बोनं कोणत्या साली काय वाहिलं ते धर्मपालला तोंडपाठ होतं.

पवळ्याची गोष्ट तर तो दिवसातून दोनदा सांगे. एकदा त्याच्या उघड्या नाकातून खोकी आत ढकलणं चाललं होतं, आणि आत गेलेलं प्रत्येक खोकं सरकत शेपटाकडं जात होतं. रत्ना खाली उभा. पुढच्या चाकावरचा चकचकीत दांडा हळूहळू बाहेर येताना त्याला दिसला, म्हणजे नाक हलकं होऊन वर चाललं होतं. विमानाचं शास्त्र त्याला ठाऊक नव्हतं, गाडीचं होतं. जू उचललं जाऊन राह्यलं! तो बोंबलला, "उलाळ! अरे, उलाळ होऊन राह्यली!" कोणाला अक्षर कळलं नाही, पण आवाज असा होता की सगळ्यांचे हात थांबले. आणखी एक खोकं, आणि जम्बो शेपटावर बसला असता. त्यानंतर कंपनीनं रत्नाला शिकायला पाठवलं, आणि चार वर्षांत तो लोडमास्टर झाला, म्हणजे विमानात कुठं किती माल ठेवायचा ते ठरवणारा. लोडमास्टरची सही झाल्याशिवाय कप्तान इंजिनाला हात लावत नाही.

"पण लोडमास्टर म्हंजे हमालच ना गा, भाऊ?" नानाजी कपबशी विसळत म्हणायचा. "मास्टर तेवढं मागं लावलं."

"हमालच. मंग?" धर्मपाल म्हणायचा.

म्हणायचा खरा, पण घरी गेल्यावर ते सलायचं. भिंतीवर रत्नानं पाठवलेले फोटो होते. नानाजीचं त्यावरही उत्तर तयार होतं. इमानापुढं उभं राहून फोटो कोणालेबी काढता येते. वीस वर्षं ही गोष्ट सांगून झाली होती, आणि कधी कधी रात्री धर्मपालच्याच मनात यायचं की पोरानं आपलं मन राखायला तर नाही ना सगळं रचलं?

त्यात कापसाची ती वाईट वर्षं आली. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायला लागलं, आणि रोज एकाच कारणानं. शहरातल्या गाड्या यायच्या, माणसं वह्या काढायची, प्रश्न ठरलेले असायचे. २००६च्या उन्हाळ्यात एक पत्रकार टपरीवर आला आणि धर्मपालच्या सुरकुत्या पाहून त्याला वाटलं, मिळाला माणूस.

"आजोबा, शेती किती?"

"शेती नाही, बाप्पा. सात जम्बो होते. आता एकच उरला हाये."

पत्रकारानं वही मिटली. अख्खी टपरी हसली, नानाजी सगळ्यात जास्त. धर्मपाल मात्र हसला नाही. आपल्या गावाबद्दल लिहायला आलेल्या माणसाला आपल्या गावातली एकमेव उडती गोष्ट ऐकायची नव्हती, याचा त्याला मनापासून राग आला.

पोळ्याच्या आठ दिवस आधी रत्नाचा फोन आला. कंपनी आता दोन इंजिनांची नवी विमानं घेत होती. चार इंजिनांचा चांद्या तेल फार प्यायचा. वीजकेंद्राची यंत्रं घेऊन तो नागपूरला यायचा होता, ती उतरवली की त्याची शेवटची फेरी संपली. तिथून सरळ भंगारात.

"बाबा, या तुम्ही. पास काढतो. आईलेबी आणा."

"कोणता दिवस?"

रत्नानं तारीख सांगितली. धर्मपालनं बोटं मोजली. पोळ्याचा आदला दिवस होता. त्या संध्याकाळी शेतकरी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतो आणि दुसऱ्या दिवसाचं आवतण देतो. खांद शेकणं म्हणतात त्याला. धर्मपालनं जन्मभर दुसऱ्यांना ते करताना पाहिलं होतं.

"कौसल्ये," तो घरात येऊन बायकोला म्हणाला, "लोणी काढ."

"कायले?"

"आपल्या बैलाची खांद शेकाची हाये."

आणि टपरीवर जाऊन तो नानाजीला म्हणाला, "एक पास जास्तीचा हाये. खरं-खोटं डोयानं पाह्य." नानाजीनं टपरी बंद केली. त्या टपरीला कुलूप लागलेलं गावानं त्याआधी पाहिलं नव्हतं.

नागपूरच्या विमानतळावर मालाच्या फाटकाशी पोलिसानं कौसल्याबाईची पिशवी उघडली, डबा काढला, वास घेतला.

"हे काय आहे, आजी?"

"लोणी-हळद हाये, बाप्पा. बैलासाठी."

"इथं कुठला बैल?"

"त्येच पाहाले चाललो ना," कौसल्याबाई म्हणाली. पोलिसानं डबा परत दिला.

आणि मग चांद्या दिसला. सहा मजली घराएवढं शेपूट, उघडलेलं नाक, अठरा चाकं. फोटोत हे मावलंच नव्हतं. नानाजीनं टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. रत्ना पिवळी बंडी घालून धावत आला, आईबाबांच्या पाया पडला, त्यांना पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडं उभं केलं आणि म्हणाला, "इथून हलू नका. काम झालं की येतो." आणि तो मागच्या दारानं विमानाच्या पोटात गेला.

मागचा माल आधी उतरवायचा, असं ठरलेलं होतं. पण मागची माल उतरवायची लिफ्ट मध्येच अडकली, आणि इकडं नाकापाशी ठेकेदाराचा ट्रक तयार उभा. ठेकेदाराच्या माणसाला घाई. पुढचं एक मोठं खोकं काढायची परवानगी होती, ते निघालं. कोणाला न विचारता त्यानं दुसऱ्या खोक्याला हात घातला.

धर्मपालची नजर पुढच्या चाकावर होती. नजर तिथंच जाणार, जन्मभर जुवाकडं बघायची सवय. वर चकचकीत दांडा होता, रत्नानं फोनवर सांगितलेला. तो वीतभर होता. मग वीतभराहून जास्त झाला. दुसरं खोकं अर्धं बाहेर आलं तसा दांडा आणखी सरकला. धर्मपाल पुढं झुकला. पट्ट्याच्या अलीकडून ओरडावं का, आपलं कोण ऐकणार, हा विचार संपायच्या आत दुसराच कोणीतरी ओरडला.

"उलाळ!"

धर्मपालनं दचकून पाहिलं. चाकापाशी फिलिपिन्सचा एक बुटका हमाल उभा होता, हात वर करून. "उलाळ! उलाळ!"

नाकातून मान बाहेर काढून एका पठाणानं तोच शब्द पुढं फेकला. विमानाच्या पोटातून एका उंच आफ्रिकी माणसाचा आवाज आला, "उलाऽऽळ!" वर खिडकीत गोरा कप्तान होता, त्यानंही हात दाखवून तेच म्हटलं. क्षणात सगळं थांबलं. ट्रक थांबला, खोकं थांबलं, ठेकेदाराचा माणूस होता तिथं गोठला. रत्ना आतून पळत आला, दांड्याकडं पाहिलं, खोकं आत ढकलायला लावलं, शेपटाखाली टेकू दिला आणि मग त्या ठेकेदाराच्या माणसाला असं काही झाडलं की विचारू नका.

नानाजीनं धर्मपालचा दंड धरला. "भाऊ, हे लोक... हे आपल्या गाडीवाल्याईचं काहून बोलून राह्यले?"

धर्मपालच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

दोन तासांनी सगळा माल उतरला आणि रत्ना घाम पुसत आला.

"ते... तो शब्द," धर्मपाल म्हणाला.

"कोणता?"

"उलाळ. त्यायले कोणं शिकवला?"

"मीच ना. पवळ्यापासून चालू हाये तो. नवा माणूस लागला का पह्यले हाच शब्द शिकतो. अंग्रेजीत छापला हाये कंपनीच्या पुस्तकात. तो आयकला का ज्यानं त्यानं हातातलं सोडाचं, असा नियम हाये."

"बावीस वर्षांत मले सांगितलं नाही तू?"

रत्नाला खरोखरच नवल वाटलं. "त्याच्यात काय सांगाचं, बाबा? गाडी उलाळ झाली तं उलाळच म्हणतेत ना?"

ज्या शब्दासाठी जिनिंगमध्ये धर्मपालला कोणी कधी विचारलं नव्हतं, तो शब्द सात समुद्रांपलीकडं कायदा होऊन बसला होता. त्यानं कौसल्याबाईच्या हातातून डबा घेतला.

"याचा खांदा कुठी हाये?"

रत्नानं कप्तानाला काहीतरी सांगितलं. कप्तान खाली उतरला, टोपी काढून बाजूला उभा राहिला. बापाला धरून रत्ना पुढच्या चाकाशी गेला आणि दांड्याच्या वरच्या जाड लोखंडावर हात ठेवला. "हा. सगळं वझं ह्याच्यावर येते."

धर्मपालनं हळद-लोणी बोटांवर घेतलं आणि त्या लोखंडाला चोळलं, सावकाश, दोन्ही अंगांनी. वीस वर्षं नुसती नावं घेतलेल्या सातांपैकी एकाला तो पहिल्यांदा हात लावत होता.

"चांद्या," तो म्हणाला, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये." चांद्या उद्या कुठं जाणार होता ते सगळ्यांना माहीत होतं. पण आवतण द्यायचं ते द्यायचंच.

परतीच्या एसटीत शेजारच्या बाकावर पुण्याकडचे एक गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "कुठले तुम्ही?"

"राळेगाव. यवतमाळ जिल्हा."

"अरेरे," गृहस्थ म्हणाले. "फार वाईट ऐकतो हो तुमच्याकडचं."

धर्मपालला हे नवीन नव्हतं. तो आपल्या पिवळ्या बोटांकडं बघत राहिला. पण नानाजी वळला, वीस वर्षं थट्टा करणारा नानाजी.

"अरेरे कायले, साहेब? वाईट हाये, ते खोटं नाही. पण या माणसाकडं पाहा. याचे सात जम्बो होते. आन् याच्या हमालीचा एक शब्द हाये, तो दहा देशाचे लोक बोलतेत. गोरा कप्तान बोलते. मी सोता आयकून आलो."

गृहस्थ हसले. "असा कोणता शब्द?"

"सांग, भाऊ," नानाजी म्हणाला. "मले तुयासारखा म्हणता येत नाही."

धर्मपालनं मान ताठ केली आणि जिनिंगच्या आवारात म्हणायचा तसा, पोटातून म्हटला. "उलाळ!"

एसटी गचकन थांबली. माणसं पुढच्या बाकांवर आदळली. ड्रायव्हर राळेगावशेजारच्या वडकीचा होता. त्यानं घाबरून मागं पाहिलं. "का झालं गा? टपावरचं सामान मांगं सरकलं का?"

गृहस्थांचं हसू गेलं. गाडीतले सगळे धर्मपालकडं बघायला लागले. धर्मपालनं सावकाश दोन बोटं वर उचलली, खाली आणली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "तोल बराबर हाये. जुंप."