वारा सरेपर्यंत

शमिकाच्या उलटीतून वीतभर लांब, पांढरट जंत पडला, तेव्हा सासूबाईंचे पहिले शब्द काय असावेत? "हळू बोल सिंधू, शेजारी ऐकतील." पोरीचं पोट टम्म फुगलेलं आणि ह्यांना शेजाऱ्यांची पडलेली! आमच्या कोटरा सुल्तानाबाद वस्तीत आमच्याइतकं सोवळं घर नाही, हा त्यांचा अभिमान. परसातला मुळा उपटून, पदराला पुसून नातीला भरवायच्याही त्याच. ते मात्र सोवळ्यात बसत होतं.

इस्पितळात सोनोग्राफी झाली. आतड्यात जंतांचा गोळा अडकला होता. सर्जन म्हणाले, "शाम तक देखते हैं. गैस पास हुई तो समझो रास्ता खुल रहा है. नहीं तो ऑपरेशन." नाकात नळी, हाताला सलाइन, आणि सहा वर्षांची माझी पोर छताकडे बघत पडलेली.

थोड्या थोड्या वेळानं सिस्टर यायची. "गैस निकली, बेटा?" शमिका मानेनंच नाही म्हणायची. माझा नवरा आशय रक्ताची सोय करायला पळाला होता, सासूबाई पायथ्याच्या स्टुलावर बसून होत्या. शमिकाच्या पोटावरून हात फिरवायचीही मला भीती वाटत होती. देवाकडे आजवर पुष्कळ काही मागितलं, पण असलं मागणं मागायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

ऊन उतरलं. सर्जन पुन्हा आले, पोट चाचपलं आणि सिस्टरला म्हणाले, "ओटी तैयार कराओ." कपडे बदलायला मी शमिकाला कुशीवर वळवलं, तर पोर अंग आवळून, ओठ दातात धरून पडलेली.

"फार दुखतंय का गं?"

ती माझ्या कानात कुजबुजली, "आई, मी रोखून धरलंय. आजी बसलीय ना. आणि इतके सारे लोक."

मला संक्रांतीचं हळदीकुंकू आठवलं. चार इमली या अफसरांच्या वस्तीतून आलेल्या साहेबीणबाईंसमोर शमिकाकडून आवाज झाला होता आणि सासूबाईंनी तिला सगळ्यांदेखत कान पकडून उभं केलं होतं. "मुलीच्या जातीला शोभतं का हे?" सगळ्या बायका हसल्या होत्या. पोर नव्हती हसली.

मी सासूबाईंकडे वळले. "आई, ऐकलंत?" एवढंच म्हणाले.

त्यांनी ऐकलं होतं. चेहरा पार उतरला होता. त्या उठून उशाशी आल्या, नातीचा हात हातात घेतला, आणि ज्या बाई घरात तो शब्दही उच्चारू देत नाहीत, त्या भरल्या वॉर्डात खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पाद, माझी राणी. जोरात पाद. आजीचं चुकलं गं."

शेजारच्या खाटांवरचे लोक बघायला लागले. शमिका आजीचा चेहरा निरखत राहिली. खात्री पटल्यावर आवाज झाला. चांगला लांबलचक.

सिस्टर सर्जनना सांगायला धावली. ऑपरेशनची तयारी थांबली. सासूबाई फरशीवरच बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

शमिकानं खाटेवरून वाकून विचारलं, "आजी, आणखी एक येतोय. चालेल?"