यादीत नसलेली गाडी

मुरारीचा गर्व म्हणाल तर एवढाच, की महाडच्या त्या ऑफिसात कुठला प्रोग्राम कुठल्या सर्व्हरवर बसलाय हे त्याला तोंडपाठ होतं. रुग्णवाहिकेची मागणी घ्यायची, जवळची गाडी शोधायची आणि ड्रायव्हरला कळवायचं, हे कंपनीचं काम. त्यासाठी वीसेक छोटे प्रोग्राम होते, आणि त्यांना एकमेकांशी बोलायचं तर एकमेकांचे पत्ते हवेत. ते पत्ते मुरारीच्या फाइलीत. फाइल मुरारीची म्हणून मानही मुरारीचा. काही अडलं की सगळे त्याला बिरवाडीच्या खोलीवर फोन करायचे, आणि तो मुद्दाम चौथ्या रिंगला उचलायचा.

मग सेजल आली. पंचविशीची पोर, बोलायला गोड. तिनं सहा महिन्यांत एकेक प्रोग्राम कंटेनरात भरायला लावला, म्हणजे त्याला लागणारं सगळं सामान त्याच्यासोबतच बांधलं, कुठल्याही सर्व्हरवर उचलून ठेवता येईल असं. त्यांच्यावर एक मुकादम नेमला, तोही प्रोग्रामच. एक कंटेनर आडवा झाला की मुकादम दुसरा उभा करणार. नव्या कंटेनरानं आपला पत्ता स्वतःच यादीत लिहायचा आणि दर दहा सेकंदांनी हजेरी द्यायची. हजेरी चुकली की नाव कटलं. कुणाला कुणाचा पत्ता हवा असेल तर यादीला विचारायचं. मुरारीला विचारायची गरज उरली नाही.

त्याचा फोन वाजायचा थांबला. एक दिवस चहा पिता पिता साहेब म्हणाले, "मुरारी, एप्रिलनंतर तुझं काय करायचं ते बघू." एवढ्यावर एखाद्याची झोप उडाली असती. मुरारीची अक्कलच गेली.

घाटातल्या गावांना गाडी नेमून देणारा प्रोग्राम यादीत आणायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं ते केलंच नाही. जुना प्रोग्राम जुन्याच सर्व्हरवर चालू ठेवला, त्याचा पत्ता मागणी घेणाऱ्या प्रोग्रामात गुपचूप घुसवला आणि "झालं" म्हणून कळवून मोकळा झाला. शुक्रवारी सकाळी सेजल जुने सर्व्हर बंद करणार होती. घाटातली मागणी अडेल, का अडली ते कुणाला सापडणार नाही, मग येतील झक मारत आपल्याकडे. "आईला बरं नाही" म्हणून त्यानं त्याच दिवसाची रजा टाकली आणि तो घाटातल्या आपल्या गावी, कुडपणला गेला. वास्तू तथास्तु म्हणते, हे त्याला आईनंच लहानपणी शिकवलं होतं. घाटातून दिवसाला दोन-तीन फोन येतात, तेवढ्यानं कुणी मरत नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

आई, रंगूबाई, ठणठणीत होती. "आज कसा काय आलास रे?" तिनं विचारलं.

"तुला बघायला."

"मला काय धाड भरलीय?" म्हणत ती म्हशीला पेंढा टाकायला गोठ्यात गेली.

दुपारी शेजारचा नाथू धापा टाकत आला. "मुरारी, चल लवकर. म्हातारी गोठ्यात पडलीय. तोंड वाकडं झालंय रे तिचं."

उजवा हात निर्जीव लोंबत होता. गावची एकुलती एक जीप लग्नाचं सामान आणायला गेलेली. सरकारी रुग्णवाहिका दुसरा पेशंट घेऊन निघालेली. मुरारी पठाराच्या कडेला धावला, तिथंच काय ती रेंज मिळायची. त्यानं आपल्याच कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं मागणी लिहून घेतली आणि ती म्हणाली, "तुमच्या भागात सध्या गाडी उपलब्ध नाही."

गाडी पोलादपूरला उभीच असणार हे त्याला माहीत होतं. पण आज गाडीवर कोण ड्रायव्हर आहे आणि त्याचा नंबर काय, हे त्या बंद पडलेल्या प्रोग्रामलाच ठाऊक. त्यानं सेजलला फोन केला.

"सेजल, घाटातल्या गाड्या दिसत नाहीयेत."

"सर, इथं तर सगळ्यांची हजेरी लागलीय, सगळं हिरवं आहे."

हिरवंच असणार. ज्याचं नावच यादीत नाही त्याची हजेरी चुकणार कशी? मुरारीनं एवढंच सांगायचं होतं, की मी नोंद केली नाही, जुना सर्व्हर चालू कर. ते त्याच्या तोंडातून निघेना. "नीट बघ," तो म्हणाला, "एखादा कंटेनर पडला असेल." तिनं बघितलं. "नेटवर्क तपास." तिनं तपासलं. एवढी हुशार पोर, तिचं तिलाच सापडेल, मग आपल्याला काही बोलावं लागणार नाही, या आशेवर तो तिला फिरवत राहिला. खाली वाटेवर नाथू आणि तिघं जण घोंगडीची डोली करून रंगूबाईला रस्त्याकडे नेत होते. तिचा हात घोंगडीबाहेर पडलेला त्याला दिसत होता. पाऊण तास गेला.

"सर, पेशंट कोण आहे?" सेजलनं विचारलं.

"माझी आई."

"घाटाचा प्रोग्राम तुमच्याकडे होता," ती म्हणाली. "मग सांगून टाका सर, काय केलंत ते."

त्यानं सांगितलं. तीन मिनिटांत गाडी निघाली.

रंगूबाई जगली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर बराच फरक पडला असता," डॉक्टर म्हणाले. ऑफिसात सेजलनं कुणाला काही सांगितलं नाही. अहवालात लिहिलं, 'दोष मुरारीसरांनी शोधून काढला.' साहेबांनी त्याची नोकरी कायम ठेवली. तिनं हे दयेनं लिहिलं की शिक्षा म्हणून, हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

महिन्याभरानं घरी आणलेल्या रंगूबाईच्या खाटेपाशी बसून नाथू आल्यागेल्याला सांगत होता, "पाऊण तास उन्हात कड्यावर उभा राहून हा हापिसाशी भांडत होता. तवा कुठं गाडी आली. असा पोरगा कुणाला गावतो?"

रंगूबाईनं मान डोलावली. मुरारीला जवळ बोलावून डाव्या हातानं त्याचा गाल कुरवाळला, वाकड्या तोंडानं शाबास म्हणायला बघितलं. मुरारीनं तिला ते करू दिलं.