मला पुन्हा रंगवू नका

मित्रांनो, मी फ्लेमिंगो आहे असं माझ्या शेजारच्या पाटीवर लिहिलंय. माझा स्वतःचा त्यावर विश्वास नाही. अंग राजहंसाचं, मान कुणाची ते देव जाणे, आणि पाय म्हणाल तर लोखंडी सळई. ठाकुर्लीला खाडीच्या अंगाला एक तळं आहे, त्याच्या काठावर मी एका पायावर उभा असतो. दुसरा पाय मी ऐटीत वर घेतलाय असं समजू नका, तो एका दिवट्या मुलाने लोंबकळून मोडला. त्याची आई बाजूला उभी राहून व्हिडिओ काढत होती. तेव्हा मला क्यूट म्हणत गळ्यात पडणार असाल तर आधीच सांगतो, माझा स्वभाव चांगला नाही. ऐकायचं असेल तर जरा लांब बसून ऐका.

माझा जन्म माजिवड्याचा. तिथे पुलामागे एका पत्र्याच्या शेडमध्ये दौलत नावाचा कारागीर फायबरच्या वस्तू ओततो. मंगल कार्यालयाला हत्ती, मॉलला हरणं, कुणाच्या फार्महाउसच्या फाटकाला सिंह. एक दिवस कंत्राटदाराचा माणूस आला आणि म्हणाला, "चार फ्लेमिंगो पाहिजेत, अर्जंट." खरे फ्लेमिंगो ठाण्याच्या खाडीत दरवर्षी उतरतात, शेडपासून काही फार लांब नाही. पण दौलतने आयुष्यात एकही पाहिलेला नव्हता. त्याच्याकडे लग्नाच्या स्टेजवर ठेवतात त्या राजहंसाचा साचा होता. त्याची मान त्याने लांबवली, चोच वाकवली, मग मागे सरून बघितलं.

"चोच पोपटाची झाली की हो," तो म्हणाला.

कंत्राटदाराच्या माणसाने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "कोण बघतंय? गुलाबी मार नि दे पाठवून."

गुलाबी रंग कुठल्याशा लग्नाच्या कमानीचा उरला होता. तोच मारला. माझ्या जन्माला एवढाच विचार खर्च झाला.

आता मला कशासाठी बनवलं ते सांगतो, हसू नका. शहरात थोड्या मोकळ्या जागा मोकळ्याच राहाव्यात, पाखरांना घरटी करायला ठिकाण असावं, म्हणून वरून पालिकेला निधी आला होता. हेतू सोन्यासारखा होता हो! मग त्या निधीतून तळ्याच्या तीन बाजूंचं गवत काढलं, चिखल बुजवला, पेव्हर ब्लॉक बसवले. झाडांना हिरवे-जांभळे दिवे गुंडाळले. स्टीलचं रेलिंग आलं, सेल्फी पॉइंट आला, आणि तिथे पक्षी दिसले पाहिजेत म्हणून आम्ही चौघे आलो. रात्रभर दिवे डोळ्यांत जायला लागल्यावर खऱ्या पाखरांनी त्या तीन बाजू सोडल्या. म्हणजे पाखरांच्या पैशांतून पाखरांना घालवलं आणि त्यांच्या जागेवर मला उभं केलं. उद्घाटनाला ढोल-ताशा होता.

चौथी बाजू वाचली. कुणी वाचवली म्हणून नव्हे, निधी संपला म्हणून. मी उभा आहे तिथूनच तो खाडीकडचा कोपरा सुरू होतो. तिथे माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं पाणकणीस वाढलेलं होतं. त्यात जांभळ्या पाणकोंबड्या पिल्लं घेऊन फिरायच्या, ढोकरी तासन्‌तास दबा धरून बसायची, खंड्या यायचा. आणि पावसाळा सरता सरता सगळ्या काठाला तेरडा फुलायचा. मला त्या पाणकोंबड्यांचा भारी राग यायचा. लांबून लांबून माणसं कॅमेरे घेऊन यायची आणि माझ्याकडे पाठ करून त्या चिखलात चालणाऱ्या कोंबड्यांचे फोटो काढायची. मी इथे नवाकोरा, गुलाबी, पालिकेच्या खर्चाने आलेला! वर्षभरात माझा रंग विटला, पाय मोडला, बाकीच्या तिघांपैकी एकाची मान गेली. मग तर मला कुणी विचारीनासं झालं.

एकच बाई रोज माझ्याकडे बघायची, तेही शिव्या द्यायला. तिचं नाव आवडाबाई. ती जुन्या गावठाणातली, आगरी. हा कोपरा एकेकाळी तिच्या घरचं भाताचं शेत होतं. जमिनीवर आरक्षण पडलं तेव्हा तिचा नवरा काळुराम म्हणाला होता, घ्या, पण इमारत नको, मोकळी राहू दे. मोकळी ठेवू, असं साहेबांनी तोंडभरून सांगितलं. काळुराम आता नाही. आजूबाजूला बावीस-बावीस मजले चढले, गावची सगळी शेतं त्यांच्या पोटात गेली. उघडी माती राहिली ती या कोपऱ्यात. आवडाबाई सकाळी यायची, काठावर उकिडवी बसायची, पाण्याकडे बघायची आणि जाताना मला म्हणायची, "यो गुलाबी मुडदा कशाला उभा केलाय इथं?"

ऐकून मला झोंबायचं. तिचं म्हणणं खोटं होतं असं मात्र कधी वाटलं नाही.

त्या कोपऱ्याशी तिचं आणखी एक नातं होतं. गणपतीत गौर येते ना, गावठाणात तिला गवर म्हणतात. मुखवटा नाही, साडी नेसवलेली मूर्ती नाही. पाण्याच्या काठचा तेरडा मुळासकट काढायचा, हळदकुंकू लावायचं, सुपात ठेवून वाजतगाजत घरी न्यायचा, तीच गवर. लेक माहेरी आली म्हणून तिचे लाड करायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यावर पोचवायची. गावठाणातल्या सगळ्या घरांच्या गवरी याच काठाने यायच्या. आवडाबाईच्या सासूने इथूनच नेली, तिने इथूनच नेली, आणि तिचा पुतण्या गुरुदत्त याच्या घरीसुद्धा इथलीच जायची.

हा गुरुदत्त म्हणजे गुरुदत्तभाऊ, माजी नगरसेवक. तळ्याचं सगळं काम त्यानेच आणलं. माणूस वाईट नाही असं लोक म्हणतात. लोकांचं सोडा, मी त्याला जवळून पाहिलंय. त्याला ओला चिखल दिसला की कसंसंच होतं. त्याच्या लेखी स्वच्छ म्हणजे सपाट.

यंदा गणपतीतच बातमी आली की निधीचा दुसरा टप्पा देण्याआधी ठाण्याहून निधी देणाऱ्या खात्याच्या रचना मॅडम जागा बघायला येणार. मोकळी जागा कशी राखली आहे, पाखरं किती नांदतात, हे बघून त्या मंजुरी देणार. येण्याचा दिवस नेमका गवर आणायचा. भाऊने आदल्या दिवशी सकाळीच जेसीबी आणला.

आवडाबाई काठावर बसलीच होती.

"काकी, बाजूला हो. गवत काढायचंय."

"गवत? आरं, ती पाखरांची घरा हान. पिल्ला हान आत. आनि उद्या गवर आनाची हाय."

"उद्या मॅडम येतायत. पाखरांसाठीच येतायत ना! असलं जंगल दिसलं तर काय बोलतील? देखभाल नाही बोलतील."

"म्हंजे पाखरांच्या पैशासाठी पाखरांनाच हाकलतंस?"

"काकी, पाखरं येतात परत. निधी नाही येत परत."

आवडाबाई उठली नाही. भाऊने आणलेल्या सफाईच्या दोन बायकांनी तिला दंडाला धरून उठवलं. जेसीबीने दुपारपर्यंत सगळा कोपरा खरवडून काढला. पाणकणीस मुळासकट गेलं, तेरडा गेला. पाणकोंबड्यांचा ओरडा मी ऐकला. वर्षभर त्यांच्या नावाने बोटं मोडणारा मी, पण ते ऐकवेना. एक मादी उघड्या चिखलात फेऱ्या मारत राहिली आणि संध्याकाळी उडून गेली. तिच्यामागे पिल्लं नव्हती. त्याच वेळी एक माणूस शिडी लावून मला नवा गुलाबी रंग फासत होता. मला त्याच्या हातावर चोच मारावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. पुष्पगुच्छ झाला, शाल झाली, चहा झाला. मॅडमनी चहूकडे नजर फिरवली.

"छान क्लीन ठेवलंय. पक्षी कुठे आहेत?"

"सकाळचे असतात, मॅडम. मस्त थवेच्या थवे. आता ऊन झालं ना." भाऊने घाम पुसला आणि माझ्याकडे हात केला. "हे बघा, आपलं ब्रँडिंग. पब्लिकला अवेअरनेस यावा म्हणून."

मॅडम माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. भाऊच्या माणसाने फोटो काढला. लाज वाटायला तोंड लागतं, माझं तर पोपटाचं होतं.

तेवढ्यात झांजांचा आवाज आला. गावठाणातल्या बायका सुपं घेऊन, गाणी म्हणत येत होत्या. पुढे भाऊची बायको रसिका, नव्या नऊवारीत, आणि मागे आवडाबाई. आदल्या दिवशी साऱ्याजणी घरात फराळात गुंतल्या होत्या, आवडाबाईने मुद्दामच कुणाला काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे रसिकालाही कशाचाच पत्ता नव्हता. पेव्हर ब्लॉक संपले तिथे ती थांबली. गाणं तोंडातच राहिलं.

"अहो, तेरडा कुठाय?"

"मार्केटात मिळतो की. जुडी मागव," भाऊ दबक्या आवाजात म्हणाला. "गेस्ट आहेत इथे, दिसत नाही का?"

"मार्केटातली जुडी? तुमच्या आईनं कधी विकतची गवर घरात घेतली होती? आज मी काय सांगू तिला?"

"घरी बोलू गं!"

"घरी कशाला? घरी न्यायलाच तर आलेय!" रसिकाचा आवाज चढला. रिकामं सूप तिने त्याच्या पुढ्यात धरलं. "घाला यात काय घालायचं ते."

मॅडमनी विचारलं, काय झालं? कुणीतरी सांगितलं. त्या हसल्या, अगदी मोकळेपणाने हसल्या. "अगं बाई, एवढंच ना? पुढच्या टप्प्यात आपण तेरड्याच्या कुंड्या ठेवू ना सगळीकडे. कलरफुल दिसेल."

"मॅडम," आवडाबाई पुढे आली, "गवर म्हंजे आमची लेक. ती माहेराला येते. कुंडीत कोन येतं माहेराला?"

भाऊने पुन्हा चहा मागवला.

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडायचं होतं. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती जी त्या काठावर कुणालाच ठाऊक नव्हती. माझा पाय ज्या काँक्रीटमध्ये रोवलाय त्याला भेग गेली आहे, आणि त्या भेगेत तेरड्याचं एक रोप उगवलेलं होतं. जेसीबीचा दात तिथवर पोचला नव्हता. रंगाचे दोन थेंब त्याच्या पानांवर पडले होते, एवढंच. इकडे बघा, खाली बघा, असं मी मनातल्या मनात घसा फोडून ओरडत होतो. फायबरचा घसा, त्याचा काय उपयोग! बायका परत फिरल्या. सुपं रिकामी होती, झांजा बंद होत्या.

आवडाबाई जाता जाता नेहमीप्रमाणे मला शिवी द्यायला वळली. तोंड उघडलं आणि तिची नजर माझ्या पायावर गेली.

ती खाली बसली. ती माझ्या पाया पडतेय असं वाटून भाऊच्या माणसाने पटकन तिचाही फोटो काढला. तिने बोटांनी भेगेतली माती उकरली, रोप मुळासकट अलगद सोडवलं, पदराने पानं पुसली, हळदकुंकू लावलं. सगळ्या गावठाणाला मिळून यंदा ती एकच गवर होती. आता ती आपल्या सुपात ठेवणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं, तिचा हक्कच होता. पण तिने ते रोप रसिकाच्या सुपात ठेवलं.

"काकी, अगं, ही तुझी," रसिकाला रडू फुटलं.

"नाय. मी आनीन इकतची जुडी, मना या वर्साला तीच. ही याच्या घरात बसंल." आवडाबाई भाऊकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू आलं. "गुरू, तीन दिस तिच्यासमोर बस. नैवेद्य दाखव. आनि दाखवताना तिच्या तोंडाकडं बग."

भाऊने खाली बघितलं.

दुसरा टप्पा हातोहात मंजूर झाला. माझा नि मॅडमचा फोटो छापून आला. गौरी-गणपती पाण्यावर पोचवायच्या दिवशी काठावर दगडांचे ढीग पडलेले होते, कारण आता त्या चौथ्या बाजूलाही भिंत येणार आहे. रसिका सूप घेऊन त्या ढिगावरून उतरली. भाऊ मागे वरच उभा होता. ती खालून म्हणाली, "या ना, शेवटचा हात लावा तिला." त्याचा फोन वाजला. तो फोन घेऊन बाजूला गेला आणि तिने एकटीने गवर पोचवली.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू आपली गोष्ट संपवताना काकुळतीला येतात. आम्हाला पुसा, आम्हाला सांभाळा, आमची किंमत ओळखा म्हणतात. मला यातलं काही नको. माझा रंग उडाला तर उडू द्या, मला पुन्हा रंगवू नका. आवडाबाईने रोप काढलं तेव्हा त्याची बोंडं तिच्या हाताला लागून फुटली आणि बिया माझ्या भेगेत सांडल्या. तुम्ही खेळताना ती बोंडं फोडली असतील, तुम्हाला माहीत आहे किती बिया उडतात ते. माझ्याखाली काँक्रीट आहे आणि त्याच्याखाली काळुरामच्या शेताची माती आहे. भेगेत एकच रोप मावतं. पुढच्या पावसाआधी घरच्या मोठ्यांना घेऊन या, पहार आणा, आणि मला इथून काँक्रीटसकट उपटून टाका.