प्रवासखर्च न मागणारे पंच

आमच्या फुटबॉल पंचांच्या संघटनेत प्रवासखर्चाचा नियम साधा होता. जो गाडी चालवील त्याला खर्च, शेजारी बसणाऱ्याला नाही. बसने येणाऱ्याने तिकीट दाखवायचं. सामन्याचं मानधन सगळ्यांना सारखं आणि इतकं कमी, की त्याबद्दल खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. खोटं बोलायला जागा उरायची ती प्रवासखर्चात. मैदानाच्या मागच्याच गल्लीत राहणारे एक पंच कायम पुलावरून वळसा घालून येत, आणि पूल दुरुस्तीसाठी बंद होता तेव्हाही पुलावरूनच येत. तिघे एका गाडीतून उतरत आणि तीन गाड्यांचा खर्च मागत. सचिव हे ओळखून होता. तो प्रत्येकाच्या मागणीतून थोडं कापायचा, पंच तेवढं आधीच वाढवून सांगायचे, आणि कोणाचंच मन दुखायचं नाही.

अशा कारभारात सचिवाला संशय आला तो ज्या एकट्याने काहीच मागितलं नाही त्याचा. तराजूंचा.

तराजू हे पोरांनी ठेवलेलं नाव. तोंडावर आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. नोकरीत असताना ते दुकानांमधली वजनमापं तपासत आणि मैदानावरही तसेच होते. पूर्वी ते प्रवासखर्च मागत आणि तोही इतका नेमका, की कापायला गेलं तर सचिवालाच लाज वाटावी. या हंगामात मात्र त्यांनी एकदाही मागितला नव्हता.

जाळी आणि चेंडू ठेवायच्या खोलीत सचिवाचं टेबल होतं. तिथे त्याने मला बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते आणि रविवारी रेषेवर सहायक पंच म्हणून उभी राहते. तुला बघायची सवय आहे, म्हणून तुला सांगतो, अशी त्याने सुरुवात केली. सर दुसऱ्या पंचांच्या गाडीत बसत नाहीत, बसचं तिकीट दाखवत नाहीत, स्वतःची गाडी मैदानावर आणत नाहीत. मग येतात कसे?

"माणूस हक्काचा पैसा सोडतो ना, तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं," तो म्हणाला. "कुठल्या तरी क्लबची गाडी त्यांना घरून आणते. माझं मन सांगतंय."

क्लबच्या गाडीतून आलेला पंच म्हणजे विकला गेलेला पंच, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या आठवड्यात फायनल होती आणि ती सरांना द्यायचं ठरत आलं होतं. वयाच्या नियमाने पुढच्या वर्षी ते यादीतून जाणार होते, म्हणजे त्यांच्या वाट्याची ही शेवटचीच. आमच्या इथला प्रत्येक पंच त्या एका सामन्यासाठी वर्षानुवर्षं उन्हात धावतो. सचिवाने मला रविवारी नजर ठेवायला सांगितलं. मी एवढंच म्हणाले, की जे दिसेल ते सांगीन.

संशयाची एक खोड आहे. तो एकदा आला की जुन्या गोष्टी आपणहून त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभ्या राहतात. परत जाताना सरांना कोणी गाडीत बसा म्हटलं, की त्यांना वाटेत काहीतरी काम असायचं. मैदानाकडे येणारा शेवटचा रस्ता कच्चा होता. चालत येणाऱ्याचे बूट धुळीने माखत, त्यांच्या बुटांवर जेमतेम धूळ असे. हे मी पूर्वीही पाहिलं असणार. आता मला ते आठवायला लागलं.

रविवारी मी लवकर गेले आणि मैदानाकडच्या वळणाच्या अलीकडे सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी थांबले. थोड्या वेळाने गावात ढिगाने दिसतात तशी एक करडी गाडी झाडाखाली येऊन उभी राहिली. चालकाच्या शेजारच्या दारातून सर उतरले. काचेवर ऊन होतं, चालक दिसला नाही. सर खिडकीत वाकून काहीतरी बोलले, पिशवी खांद्याला लावली आणि चालत मैदानाकडे निघाले. गाडी तिथेच थांबून राहिली. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात निकाल देऊन मोकळी झाले होते. कुठल्या क्लबची गाडी, एवढंच शोधायचं बाकी होतं.

म्हणूनच सामना सुरू होताना माझ्याकडून चूक झाली. शिट्टी वाजवण्याआधी मुख्य पंच दोन्ही रेषांवरच्या सहायकांकडे पाहतो आणि आम्ही झेंडा वर करून तयार असल्याचं कळवतो. मी यजमान क्लबच्या बाकाकडे बघत होते, त्यांच्यापैकी कोण सरांकडे कसं बघतंय ते. झेंडा वर करायचा राहूनच गेला. लक्षात आलं तेव्हा सर माझ्याकडेच पाहत होते. त्यांनी मान हलवली, जणू मी खूण केली होती, आणि शिट्टी वाजवली.

एकदा झालेलं निरीक्षण म्हणजे काहीच नाही, हे आम्हाला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. उत्तरार्ध सुरू होताना मी झेंडा मुद्दाम पाठीमागे धरला. सरांनी माझ्या दिशेने पाहिलं, नीट, सावकाश. अंगठा वर केला. शिट्टी वाजली.

त्यानंतर मी चेंडूपेक्षा त्यांच्याकडेच जास्त पाहिलं. जवळचा निर्णय ते तत्काळ देत आणि तो बरोबर असे. लांबचं काही घडलं की क्षणभर थांबत. कोण हात वर करून ओरडतं आणि कोण गप्प राहतं यावरून ताडत. माझ्या बाजूला असले तर झेंडा फडकल्याचा आवाज आल्यावरच वळत. हे सगळं ते इतक्या सफाईने करत होते, की मैदानावरच्या कोणालाही कळलं नसतं. प्रेक्षकांतून कोणीतरी "पंच, चष्मा लावा" म्हणून ओरडलं. ते प्रत्येक सामन्यात, प्रत्येक पंचाला ओरडतातच. त्या दिवशी मात्र मी वळून ओरडणाऱ्याकडे पाहिलं.

सामना संपल्यावर सर निघाले आणि मी मागोमाग गेले. गाडी झाडाखालीच होती. या वेळी काचेवर सावली होती आणि चालवायला बसलेली व्यक्ती स्पष्ट दिसली. त्यांची बायको. काकूंना मी संघटनेच्या कार्यक्रमात भेटले होते. गाडी बंद असूनही त्यांनी दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं होतं.

मी सरांना थांबवलं आणि सचिवाच्या मनात काय आहे ते सांगितलं. त्यांना धक्का बसला नाही.

"म्हणू दे," ते म्हणाले. "पैसे खाल्ले म्हणायला पुरावा लागतो. तो शोधेपर्यंत फायनल होऊन जाईल."

"सर, मी झेंडा वर केला नव्हता."

"केव्हा?"

"दोन्ही वेळेला."

काकूंनी खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि कसला झेंडा म्हणून विचारलं. मी सरांकडे पाहिलं. सांगायचं तर त्यांनीच सांगावं.

"खेळ सुरू करायच्या आधी ही वर करते," सर म्हणाले. "मला दिसला नाही. गाडीच्या परवान्यासाठी डोळे तपासले तेव्हासुद्धा खालच्या ओळी दिसल्या नव्हत्या. परवाना वाढवून नाही दिला त्यांनी."

काकूंनी चाकावरून हात काढले.

"मला तुम्ही गुडघा सांगितला होता. क्लच दाबताना कळ येते म्हणालात. एवढं मैदानभर धावता तेव्हा नाही येत ती?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी आपली समजत होते, बायको गाडी चालवते म्हणून लाज वाटते, म्हणून इथे झाडाखाली उतरता. या वयात शिकले मी. क्लासमधली पोरं आजी म्हणायची, तरी शिकले."

"लाज तुझी नव्हती गं."

"ते मला कसं कळणार?"

त्या उतरल्या, गाडीला वळसा घालून आल्या आणि किल्ली सरांसमोर धरली. "बसा मग. मैदानापर्यंतच. सरळ रस्ता आहे."

यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. रस्त्यावरून खेळाडू सायकली घेऊन घरी चालले होते, दोनतीन लहान मुलं भिंतीवर चेंडू मारत होती. सरांनी रस्त्याकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"तूच चालव," ते म्हणाले. "आणि फाटकातून आत घे."

मी पायी पोहोचले तेव्हा ते जाळ्यांच्या खोलीत सचिवासमोर उभे होते आणि त्यांचं सांगून झालं होतं. दार उघडंच होतं. सचिवाने मला पाहिलं, पण प्रश्न सरांनाच विचारला.

"म्हणजे पैसे कोणी दिले नाहीत?"

"नाही."

सचिव खुर्चीत मागे टेकला. इतका हलका झालेला माणूस मी फार क्वचित पाहिला आहे. "सर, मग हे आधी नाही का सांगायचं? मी नाही नाही ते मनात आणत होतो."

"ते परवडत होतं," सर म्हणाले. "चोर समजत होतास तरी दर रविवारी बोलावत होतास."

सचिव माझ्याकडे पाहू लागला, जणू उत्तर माझ्याकडे असायला हवं. फायनलचं कोणी काढलं नाही. सरांनी गळ्यातली शिट्टी काढून पिशवीत टाकली आणि ते बाहेर पडले.

बाहेर काकू गाडी वळवत होत्या. एका बाजूला सचिवाची स्कूटर, दुसऱ्या बाजूला मैदान सपाट करायचा रोलर, आणि मधे जागा बेताची. सर सवयीने गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हात हलवू लागले. "ये, ये. अजून ये. भरपूर जागा आहे."

काकूंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं नाही. आरशात रोलर अगदी जवळ आलेला पाहिला आणि गाडी थांबवली. सर अजून "ये, ये" म्हणत होते.